डोहाळे पुरवलेत, पण मनाचे विचारलेत का?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बदलापूरहून एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. सुनेला सहावा महिना लागला होता. ‘‘डॉक्टरसाहेब, हिला अन्न जात नाही, रात्र रात्र जागी असते. चांगलं ताकदीचं टॉनिक लिहून द्या,’’ सासूबाई म्हणाल्या. मी रक्तदाब पाहिला, वजन पाहिले, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. बाहेर गर्दी होती.

तीन आठवड्यांनी ती आपल्या आईबरोबर आली. वजन वाढायच्या ऐवजी घटले होते. मागच्या खेपेस ही मुलगी एक शब्दही बोलली नव्हती, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. मी तिच्या आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले आणि विचारले, ‘‘पोरी, झोप का लागत नाही?’’ तशी ती रडू लागली. पहिली मुलगी आहे, दुसरीही मुलगीच झाली तर काय, या धास्तीने तिला ग्रासले होते. मग हळूच म्हणाली, ‘‘कधी कधी वाटतं, उद्याची सकाळ होऊच नये.’’

हे वाक्य मी तीन आठवडे आधीच ऐकायला हवे होते. मी विचारलेच नाही, ही चूक माझी. म्हणून आजचा विषय गर्भवतीच्या मनाचा.

आपल्या पूर्वजांना या मनाची जाण होती. आयुर्वेदात गर्भवतीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, असे म्हटले आहे. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्याच घराण्यातला. पण आज डोहाळे म्हणजे चिंच, आवळा आणि हिरव्या साडीतला फोटो एवढेच आपण धरून बसलो आहोत.

गोव्यात म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गर्भवतींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासले तेव्हा शंभरातल्या २३ जणींना नैराश्याचा आजार होता. त्यांतल्या बहुतेकींना, म्हणजे ७८ टक्के जणींना, गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झालेला होता. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बेबनाव आणि मारहाण ही त्यामागची कारणे निघाली. त्यात मुलगी झाली, तर धोका आणखी वाढत होता.

आपल्याकडे चित्र फार वेगळे नाही. बदलापूर-अंबरनाथच्या नव्या इमारतींत नवरा पहाटेची लोकल पकडतो तो रात्रीच घरी येतो. दिवसभर सून चार भिंतींत एकटी, माहेर दूर कुठे विदर्भात नाही तर उत्तर प्रदेशात. अंबरनाथच्या कारखान्यांत नवऱ्याला रात्रपाळी असली की रात्रीही सोबत नाही. उल्हासनगरात कित्येक जणी सातव्या-आठव्या महिन्यातही जीन्सचे धागे कापायचे काम घरी आणून करतात. अशा वेळी मन खचले, तर त्याला ‘नखरे’ म्हणू नये.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींना होते. संप्रेरकांच्या उलथापालथीमुळे आणि जागरणामुळे होणारा हा त्रास साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. त्याला धीर आणि झोप एवढेच औषध पुरते. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, बाळाविषयी ओढ वाटेना, ‘मी नालायक आई आहे’ असे विचार येऊ लागले, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तो गरोदरपणातही होतो.

तिसरा प्रकार विरळा पण गंभीर. हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, भ्रम होतात, कानात आवाज येतात, झोप पार उडते, ती असंबद्ध बोलू लागते. आपल्याकडे याला ‘वात झाला’ किंवा ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारे-धुपारे करण्यात वेळ जातो. वाचकहो, अशा वेळी एक दिवसही दवडू नका. आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका असतो. तिला एकटी न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

घरच्यांनी दोनच प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्याभरात मन सारखे उदास, हताश वाटते का? आवडीच्या गोष्टींतही मन रमत नाही का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर डॉक्टरांना सांगा. आम्ही डॉक्टर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासतो, कारण पंडुरोग आणि थायरॉइडचे विकारही असाच थकवा आणतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिथेही मोकळेपणाने बोला. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून मोफत सल्ला मिळतो. मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर वाट पाहू नका.

‘गोळ्यांनी पोटातल्या बाळाला अपाय होईल’ ही भीती मी रोज ऐकतो. सौम्य आजार बोलण्याने, समुपदेशनाने आटोक्यात येतो. आजार तीव्र असेल तर गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही देता येतील अशी औषधे आहेत. काही औषधे मात्र टाळावीच लागतात, म्हणून मनाने सुरू करू नयेत आणि चालू असलेली एकाएकी बंदही करू नयेत. उपचार न केलेला आजारही निरुपद्रवी नसतो. त्यात बाळ दिवसांआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते. यात आईचा दोष नाही, तापात रुग्णाचा दोष नसतो तसाच.

गोव्यातच पुढे एक प्रयोग झाला. गावातल्याच साध्या बायकांना शिकवून ‘सखी’ म्हणून अशा गर्भवतींकडे पाठवले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सखी जात होती त्यांच्यात सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या स्त्रिया अधिक आढळल्या. सखीजवळ औषधाची पेटी नव्हती. ती ऐकून घेत होती, घरच्यांना सामील करून घेत होती.

त्या सुनेचे पुढे काय झाले? मी सासूबाईंना आणि मुलाला समोर बसवले. मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजावरून ठरते, सुनेच्या हाती त्यातले काही नसते, हे कागदावर आकृती काढून समजावले. तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. काही आठवड्यांत ती जेवू-झोपू लागली. दिवस भरल्यावर दुसरी मुलगीच झाली. बारशाचे पेढे द्यायला आल्या त्या सासूबाईच.

आता माझ्या दवाखान्यात कोणीही गर्भवती आली की रक्तदाबाची पट्टी सोडता सोडता मी विचारतो, ‘‘आणि मन कसं आहे?’’ हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आज रात्रीच्या जेवणानंतर आपल्या सुनेला, लेकीला, बायकोला तो विचारून पाहा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.