ग्रेड दोन की तीन? प्रश्न कसा विचारला त्यावर ठरतं

समजा, निफाडच्या द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या एका बाईंना पॅक्लिटॅक्सेलच्या किमोनंतर बोटं बधिर वाटू लागली. 'स्वयंपाक जमतो का?' असं विचारलं, तर त्या म्हणतील, 'होतो, पण अवघड जातं.' नोंद झाली ग्रेड दोन. 'ब्लाऊजचे हूक लावता येतात का?' असं विचारलं, तर उत्तर येईल, 'नाही, सून लावून देते.' आता ग्रेड तीन. बोटं तीच, बधिरपणाही तोच.

कर्करोगावरच्या उपचारांचे दुष्परिणाम मोजण्यासाठी जगभर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची 'सीटीसीएई' ही मोजपट्टी वापरतात. एक म्हणजे सौम्य, तीन म्हणजे गंभीर, पाच म्हणजे मृत्यू. रक्ततपासणीत मतभेदाला फारसा वाव नसतो: 2017च्या आवृत्तीनुसार न्यूट्रोफिल पेशी मायक्रोलिटरमागे 500च्या खाली गेल्या की ग्रेड चार. थकवा, मळमळ, मुंग्या मात्र मशीनवर दिसत नाहीत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या 2012च्या अभ्यासात एकाच रुग्णाला तपासणाऱ्या दोघांचे ग्रेड अनेकदा जुळले नाहीत.

हा फरक कागदापुरता राहत नाही. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी जुलाब होऊ लागले आणि दिवसाला नेहमीपेक्षा चार ते सहा वेळा जास्त जावं लागलं, तर ग्रेड दोन. पहिल्यांदाच असं झालं असेल तर गोळ्या थांबवून, बरं वाटल्यावर पूर्ण डोस देतात. नेहमीपेक्षा सात किंवा जास्त वेळा वाढलं, तर ग्रेड तीन, आणि पुढचा डोस 75 टक्क्यांवर येतो. म्हणजे 'नेहमी किती वेळा जाता?' हे विचारायचं राहिलं, तर डोसच चुकू शकतो.

डोस किती मोलाचा असतो, हे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने दाखवून दिलं. डोकं व मानेच्या कर्करोगाच्या 300 रुग्णांवरच्या, 2018 साली छापून आलेल्या चाचणीत रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन दिलं होतं. दर तीन आठवड्यांनी मोठा डोस घेणाऱ्यांपैकी 73.1 टक्के रुग्णांमध्ये आजार दोन वर्षं जागच्या जागी आटोक्यात राहिला. दर आठवड्याला छोटा डोस घेणाऱ्यांमध्ये 58.5 टक्के. ग्रेड तीन वा त्यावरचा त्रास मात्र अनुक्रमे 84.6 आणि 71.6 टक्के. दोन्ही गट एकाच रुग्णालयातले, म्हणून ही तुलना टिकते. दुसऱ्या रुग्णालयाच्या आकड्यांशी ती ताडताना तिथे ग्रेड कसे दिले, हे आधी पाहावं लागेल.

ग्रेडमधल्या या तफावतीवर उपाय म्हणून अमेरिकेच्या त्याच राष्ट्रीय कर्करोग संस्थेने रुग्णाने स्वतः भरायची प्रश्नावली तयार केली आहे. ती हाती नसली तरी साधी वही चालते: किती वेळा जुलाब झाले, भाकरी गेली की फक्त पेज, कोणतं काम सोडावं लागलं. ओपीडीत 'बरं आहे' एवढंच सांगितलं, तर डॉक्टरांना ग्रेड अंदाजानेच द्यावा लागतो.