शेंडा खुडला, तूर फुटली. शेंगा भरतील का?

दुधनीची बाजारपेठ तुरीची. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी तुरीचा शेंडा खुडतात, कारण शेंड्यातले ऑक्सिन हे संप्रेरक बगलफूट रोखते. शेंडा गेला की फांद्या वाढतात.

ही फूट संगणकावर दाखवता येते. जीवशास्त्रज्ञ अरिस्टिड लिंडनमायर यांनी १९६८मध्ये शेवाळासारख्या साध्या जीवांची वाढ गणिती नियमांत बसवली: एका पेशीच्या जागी दोन, पुन्हा तेच. त्याच नियमांवर पुढे संगणकात अख्खी झाडे उभी राहिली. दिसायला हुबेहूब, पण त्यांना तहान लागत नाही!

तो हिशेब ‘ॲपसिम’ हे ऑस्ट्रेलियातील मॉडेल करते. पाऊस, जमीन, पेरणीची तारीख दिली की तुरीच्या उत्पादनाचा अंदाज मिळतो. एकेक फांदी मात्र दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ दोन्ही जोडू पाहतात. हलक्या रानात परतीचा पाऊस हुकला, तर वाढलेल्या फांद्यांना ओल कुठून पुरणार?