फोन कुणाचा होता?

जुलै 2025 मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी संप केला. ई-चलानांच्या जाचाबद्दलचं त्यांचं गाऱ्हाणं मला पटत होतं. पण मागण्यांच्या त्याच यादीत अवजड गाड्यांवरची क्लीनरची सक्ती काढून टाका, असंही होतं, आणि ते मला लागलं. कंपन्यांच्या वाहतूक विभागात माझी उमेदीची वर्षं गेली. क्लीनर म्हणजे डावी बाजू बघणारा, रात्री ड्रायव्हरला बोलतं ठेवणारा आणि फोन वाजला की तो उचलून ‘गाडी चालू आहे, थांबलो की लावतो’ असं सांगणारा माणूस. ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर ठेवणारं याहून चांगलं साधन मी पाहिलेलं नाही. पगार वाचवायला मालकांनी त्याला आधीच गाडीतून उतरवलं होतं. आता नियमातूनही तो जावा, एवढंच राहिलं होतं.

मोबाइलची पहिली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. 1995 मध्ये तो देशात आला, पण आलेल्या फोनलाही पैसे पडत, त्यामुळे ड्रायव्हरच्या खिशात तो नव्हताच. मे 2003 पासून इनकमिंग फुकट झालं, स्वस्त हँडसेट आले आणि ड्रायव्हर कुठेही असला तरी गाठता येतो, हे ऑफिसच्या ध्यानात आलं. तिथून ‘कुठपर्यंत आलास?’ हा प्रश्न सुरू झाला.

सांगण्यासारखं दशक 2009 नंतरचं. त्या वर्षी अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संस्थेने ट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मेसेज टाइप करणाऱ्या ट्रकचालकाचा धोका 23 पट वाढतो आणि सहा सेकंदांतले साडेचारहून जास्त सेकंद त्याची नजर रस्त्यावर नसते. ताशी 80 किलोमीटरच्या वेगाला म्हणजे शंभर मीटर रस्ता न बघता कापला. त्याच वर्षी शेल या तेलकंपनीने कर्मचारी आणि ठेकेदार या दोघांसाठी जीव वाचवणारे बारा नियम लागू केले. गाडी चालवताना फोन नाही, हा त्यांतला एक. या बातम्या आमच्यापर्यंत आल्या तेव्हा वाटलं, आता आपल्याकडेही काही घडेल.

घडलंही, थोडा काळ. चाकणच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत आम्ही फोन अडवणारं सॉफ्टवेअर काही गाड्यांवर चालवून पाहिलं. चाकं फिरू लागली की ड्रायव्हरचा फोन बंद, आणि फोन करणाऱ्याला ‘गाडी चालू आहे’ असा निरोप. ड्रायव्हर खूश होते. बोरघाट उतरताना कुणी हाक मारत नाही, हे सुख त्यांनी बऱ्याच वर्षांनी अनुभवलं होतं. तक्रार आली ती डिस्पॅचमधून. ‘ड्रायव्हर लागत नाही.’ समोरच्या पडद्यावर जीपीएसचा ठिपका खोपोलीजवळ सरकताना दिसत होता, तरी त्यांना गाडी कुठे आहे ते ड्रायव्हरच्याच तोंडून ऐकायचं होतं. बैठकीत मी हे बोललो. ग्राहकाला उत्तर कोण देणार, असं मला विचारण्यात आलं. महिना उलटायच्या आत सॉफ्टवेअर काढलं. त्या बैठकीतला एकही माणूस कधी ट्रक घेऊन घाट उतरला नव्हता, आणि हे मी आजही त्यांच्या तोंडावर सांगेन.

त्याच मंडळींनी पुढे ड्रायव्हरच्या तोंडासमोरच्या कॅमेऱ्याला मात्र लगेच मंजुरी दिली. डोळे मिटले, मान वळली, फोन कानाला लागला की तो नोंद करतो. पलीकडून बोलत कोण होतं, हे त्या नोंदीत येत नाही.

कायद्यातही तीच गोम आहे. 2019 च्या दुरुस्तीने हातात फोन धरून गाडी चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं. पहिल्या गुन्ह्याला हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद. ही शिक्षा ड्रायव्हरला. अमेरिकेत व्यावसायिक ड्रायव्हरांसाठीचा असाच नियम 2012 च्या जानेवारीत लागू झाला, तेव्हा ड्रायव्हरला 2,750 डॉलरपर्यंत आणि त्याला तसं करू देणाऱ्या कंपनीला 11,000 डॉलरपर्यंत दंड ठरला. जबाबदारी कुठे जास्त आहे, हे त्या दोन आकड्यांतच आलं.

ड्रायव्हर निर्दोष असतात असं माझं म्हणणं नाही. मार्च 2025 मध्ये एसटीची ई-शिवनेरी बस चालवता चालवता क्रिकेटचा सामना बघणारा चालक प्रवाशाच्या व्हिडिओमुळे उघडा पडला. त्याची नोकरी गेली, ते योग्यच झालं. खासगी ठेकेदारालाही दंड झाला, हे त्याहून योग्य झालं. चांगलं तंत्रज्ञानही आपल्याकडे आहे. नागपुरात 2021 मध्ये सुरू झालेल्या आय-रास्ते प्रकल्पात शहर बसना समोरच्या धोक्याची सूचना देणारी यंत्रं बसवली. ती ड्रायव्हरला वेळेवर सावध करतात, म्हणून मला ती मोलाची वाटतात.

आता माझी मागणी एवढीच आहे. गाडी चालू असताना ऑफिसातून फोन गेला, तर त्याची नोंद फोन करणाऱ्याच्या नावावर व्हावी आणि अपघाताच्या चौकशीत ती आधी मागवली जावी. गाडी केव्हा चालू होती हे जीपीएसला ठाऊक असतं, फोन कुणी केला हे मोबाइल कंपनीला ठाऊक असतं. दोन नोंदी शेजारी ठेवायला नवं यंत्र लागत नाही. ज्या दिवशी पहिल्या मॅनेजरला त्या नोंदीसाठी जाब द्यावा लागेल, त्या दिवशी फोन अडवणारं सॉफ्टवेअर कंपन्या स्वतःहून विकत घेतील.