दुखणे जबड्याचे, तक्रार कानाची

कान ठणकू लागला की आपल्या घरांतून प्रथम आठवण होते ती तेलाच्या वाटीची. तेलात लसणाची पाकळी टाकून ते कोमट करावयाचे आणि चार थेंब कानात सोडावयाचे. तेवढ्याने भागले नाही म्हणजे डॉक्टर. डॉक्टर कान तपासून सांगतात की, कान स्वच्छ आहे, पडदाही शाबूत आहे. वेदना तर थांबलेली नसते. रोग्याला वाटते, डॉक्टरांना काही उमगले नाही. घरच्यांना वाटते, हा सारा मनाचा खेळ आहे. वाचकहो, अशा वेळी दोघांचीही चूक होत असण्याचा संभव आहे. दुखणे कानाचे नसून कानाच्या शेजाऱ्याचे असू शकते.

हा शेजारी आपणांस चाचपून पाहता येईल. कानाच्या भोकापुढील उंचवट्याच्या किंचित पुढे बोट ठेवावे आणि तोंड सावकाश उघडावे व मिटावे. बोटाखाली हाड सरकते, तोच जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचे गोलसर टोक कवटीच्या खोबणीत बसते आणि दोहोंमध्ये चिवट तंतूंची एक चकती असते. ती जागची हलली तर तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो. नुसता आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

कानाची नळी व हा सांधा अगदी भिंतीला भिंत लावून आहेत. परंतु वेदनेची गल्लत होते ती मुख्यतः मज्जातंतूमुळे. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या तंतूची एकच शाखा सांध्यालाही मिळते आणि कानाच्या नळीच्या पुढील भागाला व पडद्यालाही. दोन घरांची पत्रे एकाच पिशवीतून यावीत आणि पत्ते पुसट असावेत, तशी मेंदूची अवस्था होते. चावण्याच्या थकलेल्या स्नायूंची कळही अशीच कानात खोलवर जाणवते.

हे सोयरेपण फार जुने आहे. कानातील हातोडा व ऐरण ही चिमुकली हाडे गर्भावस्थेत जबड्याच्याच कूर्चेतून घडतात, हे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल रायखर्ट यांनी १८३७ साली दाखविले. सरपटणाऱ्या प्राण्यांत त्याच हाडांचा जबड्याचा सांधा बनतो. आज आपण ज्यांच्या साहाय्याने ऐकतो, त्यांच्या साहाय्याने आपले अतिदूरचे पूर्वज चावत असत, ही गोष्ट मला तरी मोठी मौजेची वाटते.

वैद्यकाचे लक्ष या नात्याकडे विशेषत्वाने वेधले ते १९३४ साली. अमेरिकेतील सेंट लुइस येथील कान-घशाचे तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. कानदुखी, कान दडे बसल्यासारखे वाटणे, कानात गुणगुण, चक्कर अशा त्यांच्या तक्रारी होत्या. दाढा पडल्याने जबडा प्रमाणाबाहेर मिटतो आणि त्याचे टोक मागे रेटले जाऊन कानाजवळचे तंतू दाबते, असा कॉस्टेन यांचा तर्क होता. १९४८ साली हॅरी सिशर यांनी शरीररचनेच्या आधारे तो खोडून काढला. निरीक्षण खरे, कारण मात्र चुकीचे, असा प्रकार शास्त्रात विरळा नाही. म्हणून पहिल्याच भेटीत कोणी दात घासून कमी करू म्हणाले, तर आपण थांबावे व दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. घासलेला दात पुन्हा वाढत नाही.

कर्णनादाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ऐकण्याच्या मार्गावरील मेंदूतील पहिल्याच ठाण्यात जबड्याकडून व मानेकडून येणारे संदेशही पोहोचतात. त्यामुळे कित्येकांना दात आवळले किंवा हनुवटी पुढे काढली की गुणगुण वाढल्याचा वा बदलल्याचा अनुभव येतो. परंतु एवढ्यावरून दोष जबड्याचाच असे ठरत नाही. वयाने किंवा गोंगाटाने श्रवण मंदावलेल्यांनाही हा अनुभव येतो, आणि कर्णनादाचे अधिक नेहमीचे कारण तेच आहे. जबडा सुधारला तर कानदुखी बहुधा जाते. गुणगुण जाईलच, असे आश्वासन कोणी देऊ नये.

उपाय साधे आहेत. काही आठवडे मऊ भात, खिचडी, दुधात कुसकरलेली पोळी असे अन्न घ्यावे; ऊस, चिक्की, सुपारी वर्ज्य. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने दिवसातून दोन-तीनदा शेकावे. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दात आवळण्याची सवय ओळखावी. शिवणयंत्रावर वाकलेली गृहिणी, हिशेब जुळविणारा कारकून, परीक्षेला बसणारा विद्यार्थी हे नकळत तासन्‌तास दात आवळून बसतात. ओठ मिटलेले, पण वरचे व खालचे दात एकमेकांपासून सुटे, ही जबड्याच्या विश्रांतीची स्थिती होय. झोपेत दात खाणाऱ्यांस दंतवैद्य रात्री घालावयाची पट्टी बनवून देतात. बहुतेकांना एवढ्याने उतार पडतो.

मात्र कान वाहत असेल, ताप असेल, तर घरी थांबू नये. ऐकू येणे एकाएकी कमी झाले तर एक दिवसही दवडू नये. तंबाखू-सुपारी खाणाऱ्याचा एकच कान आठवडेच्या आठवडे दुखत असेल, तर जीभ, गाल व घसा तपासून घेतलेच पाहिजेत, कारण तेथील कर्करोगाची कळही कानातच उमटते. सुपारीने तोंडाचे अस्तर ताठर होऊन तोंड आवळत जाण्याचाही एक विकार आहे; मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली त्याचे वर्णन केले होते. आपल्याच हाताची तीन बोटे दातांमध्ये उभी मावेनाशी झाली असतील, तर सांधा धरला असेल म्हणून शेकत बसू नये. त्याच आठवड्यात तोंड दाखवून यावे.