विश्लेषण : मुलाला आंघोळ शिकवायची, तर आधी शिकवणाऱ्याला का शिकवावे लागते?

आंघोळ हे आपल्याला एक काम वाटते. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या अनेक मुलांसाठी ती वीस-पंचवीस कामांची रांग असते आणि त्यातले एक अडले की पुढची सगळी अडतात. मूल सहा वर्षांचे असते, तेव्हा आई ती रांग स्वतःच्या हाताने पुरी करते. तेच मूल सोळा वर्षांचे होते, आईची कंबर दुखू लागते, मुलगा असेल तर संकोचही येतो. मग प्रश्न पडतो, हे त्याला कोणी आणि कधी शिकवायचे होते? ते शिकवण्याची पद्धत अनेक दशकांपासून माहीत आहे. ती नीट वापरणारी माणसे तयार करणे मात्र अजूनही अवघड जाते.

वर्तन तंत्रज्ञ म्हणजे कोण?

अमेरिकेत ‘उपयोजित वर्तन विश्लेषण’ म्हणजे एबीए पद्धतीने मुलांसोबत प्रत्यक्ष काम करणारा हा कर्मचारी. योजना वर्तन विश्लेषक आखतो, ती रोज राबवतो तंत्रज्ञ. तेथील प्रमाणन मंडळाने २०१४ मध्ये ‘रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन’ ही श्रेणी सुरू केली. वय किमान १८, शालेय शिक्षण पूर्ण, ४० तासांचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष कामाची चाचणी आणि लेखी परीक्षा अशा अटी. पुढेही दर महिन्याच्या कामाच्या तासांपैकी किमान पाच टक्के काम देखरेखीखाली व्हावे लागते. ४० तास म्हणजे जेमतेम एका आठवड्याची नोकरी. तेवढ्यात दात घासणे, कपडे घालणे, डबा भरणे अशी अनेक टप्प्यांची कामे शिकवायला कोणी तयार होतो का, हा प्रश्न तिथेही विचारला जातो.

एका कामाच्या पायऱ्या कोण ठरवतो?

पहिला टप्पा कार्य विश्लेषणाचा. काम लहान लहान पायऱ्यांत मोडून कागदावर लिहायचे. हे टेबलावर बसून करू नये. तंत्रज्ञाने ते काम स्वतः करून पाहायचे, मग मुलाच्या घरी, त्याच्याच न्हाणीघरात पाहायचे. परदेशी पुस्तकातली यादी शॉवरपासून सुरू होते. आपल्याकडे बादली, तांब्या किंवा मग, गरम पाण्यात गार पाणी मिसळणे, हाताने पाणी कितपत गरम आहे ते बघणे, पाटावर बसणे अशा पायऱ्या येतात. ‘पाणी घेणे’ ही एक पायरी नव्हे. तांब्या धरणे, बुडवणे, भरलेला उचलणे, खांद्यापर्यंत नेणे आणि कलंडणे ही पाच कामे झाली. एखाद्या मुलाला ती पाच लागतात, दुसऱ्याला दोन पुरतात. म्हणून छापील यादी सगळ्यांना वाटून भागत नाही.

शेवटची पायरी आधी का शिकवतात?

पायऱ्या जोडण्याच्या तीन रीती आहेत. पहिल्या पायरीपासून पुढे जायचे, दर वेळी सगळ्या पायऱ्या करून घेत लागेल तिथेच मदत करायची, किंवा उलटे, शेवटाकडून सुरुवातीकडे यायचे. तिसरी रीत, बॅकवर्ड चेनिंग, ऐकायला विचित्र वाटते. पँट घालण्याचे उदाहरण घ्या. तंत्रज्ञ पँट गुडघ्यांच्या वरपर्यंत चढवतो आणि कमरेपर्यंत ओढण्याचे शेवटचे काम मुलावर सोडतो. ते जमले, की गुडघ्यापासून. मग पाय घालण्यापासून. यात मूल दर वेळी काम ‘पुरे’ करते आणि शाबासकी नेमकी तिथेच मिळते. पहिल्या पायरीवर अडकून रोज अर्ध्यात सोडण्यापेक्षा हे बरे.

अमेरिकी संशोधक मार्क गोल्ड यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यम आणि तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींनी सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडून दाखवला होता. विद्यार्थी शिकत नसेल, तर शिकवण्याची दुसरी तऱ्हा शोधा, असा त्यांचा आग्रह होता. ‘याला जमणारच नाही’ हा निष्कर्ष त्यांना मान्य नव्हता.

सर्वाधिक चूक कुठे होते?

मदत काढून घेण्यात. मदतीच्या पायऱ्या असतात : हात धरून करून घेणे, कोपराला हलका स्पर्श, खूण, बोलणे, आणि नुसते थांबणे. मदत द्यायला सगळेच तयार असतात. थांबायला शिकवावे लागते. मुलाचा हात साबणाकडे जाण्याआधी पाच सेकंद गप्प बसणे ही नव्या तंत्रज्ञाची खरी परीक्षा. त्यातही शब्द सर्वांत चिवट. ‘आता साबण लाव’, ‘आता पाणी घे’ असे रोज म्हटले, की मूल साबणाकडे नव्हे, त्या वाक्याकडे लक्ष ठेवते. वाक्य आले नाही, तर ते थांबते. आंघोळ येऊनही ती येत नाही. म्हणून अनेकदा भिंतीवर चित्रांची पट्टी लावणे आणि तोंड बंद ठेवणे अधिक उपयोगी पडते. शाळेची गाडी दारात उभी असताना आईला हे कसे जमावे, हे वेगळे. त्यामुळे आंघोळीचा सराव रविवारी किंवा संध्याकाळी ठेवणे शहाणपणाचे.

शिकवणाऱ्यांना कसे तयार करतात?

व्याख्यानाने आणि पुस्तिकेने माहिती वाढते, पण हात सुधारतीलच असे नाही, हे या क्षेत्रातील प्रशिक्षणावरच्या संशोधनात वारंवार दिसले आहे. उपयोगी ठरलेली रीत चार भागांची : काय करायचे ते सांगणे, करून दाखवणे, करून घेणे आणि लगेच चूक-बरोबर सांगणे. ठरलेली अचूकता येईपर्यंत हेच पुन्हा. आधी सहकाऱ्यालाच मूल समजून सराव, मग प्रत्यक्ष मुलासोबत. पर्यवेक्षकाकडे तंत्रज्ञासाठीही पायऱ्यांची यादी असते : सूचना एकदाच दिली का, थांबला का, ठरल्यापेक्षा जास्त मदत केली का, नोंद केली का. मुलाला जसे शिकवायचे, तसेच शिकवणाऱ्याला. नोंदही पायरीनिहाय हवी, ‘आज छान झाले’ ही नोंद नव्हे. दोन तंत्रज्ञ एकाच मुलाला वेगवेगळी मदत करत असतील, तर तक्ता पाहिल्यावर ते लगेच कळते.

आक्षेप कोणते?

स्वमग्न प्रौढांपैकी अनेकांनी एबीएवर कडक टीका केली आहे. आज्ञाधारकपणा हेच ध्येय होते, नकाराला किंमत राहत नाही, अंगाला हात लावताना विचारले जात नाही, असे त्यांचे म्हणणे. आंघोळ आणि शौच शिकवताना हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. डोक्यावरून पडणारे पाणी एखाद्याला खरोखर असह्य होते. तिथे ती पायरी बदलून ओल्या फडक्याने पुसणे योग्य, रेटणे नव्हे. दार बंद आहे का, सोबत कोण आहे, मूल ‘नको’ कसे सांगते, हेही प्रशिक्षणाचा भागच हवे. जे मूल अंगाला लागलेल्या प्रत्येक हाताला निमूट मान्यता द्यायला शिकते, ते अत्याचारापुढे अधिक असहाय होते.

भारतात काय स्थिती?

येथे हे काम विशेष शिक्षक, काळजीवाहक आणि बहुतेक घरांत आई करते. पद्धत आपल्याला नवी नाही. सिकंदराबादला १९८४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेने या विषयावर शिक्षकांसाठी साहित्य तयार केले. मद्रासमध्ये विकसित झालेली, १८ क्षेत्रांत ३६० कौशल्ये तपासणारी मूल्यमापन पद्धत विशेष शाळांना परिचित आहे. अडचण सरावाची आणि देखरेखीची आहे.

अमेरिकी मंडळाने २०२३ पासून नवे प्रमाणन मोजक्या देशांपुरते मर्यादित केले असून भारत त्यात नाही. तरी ४० तासांच्या अभ्यासक्रमांच्या जाहिराती दिसतात. तो अभ्यासक्रम उपयोगी असू शकतो, पण तो पुरा केल्याचा दाखला म्हणजे ते प्रमाणपत्र नव्हे. केंद्र निवडताना पालकांनी भिंतीवरच्या दाखल्यांपेक्षा माझ्या मुलाच्या पायऱ्यांची यादी दाखवा, गेल्या महिन्यात कोणत्या पायरीवरची मदत कमी झाली ते दाखवा, आणि घरच्या बादलीजवळ येऊन कोण शिकवणार ते सांगा, असे विचारावे.