मोगऱ्याचे झोपलेले डोळे

माघ सरत आला की मोगऱ्याकडे बघवत नाही. पानं निबर, काड्या वाळक्या, फूल औषधालाही नाही. नेमकं याच वेळी कात्री घेऊन झाड निम्म्यावर आणायचं, हे नवख्याच्या जिवावर येतं. पण चैत्रात घमघमाट हवा असेल तर छाटणी चुकवू नका. मोगरा फुलतो तो नव्या फुटीच्या शेंड्याला. जुन्या फांद्या जपल्या तर पानंच जपली जातात.

छाटण्यापूर्वी एक फांदी जवळ घेऊन निरखा. मोगऱ्याची पानं समोरासमोर, जोडीने येतात. देठ फांदीला जिथे चिकटतो त्या बेचक्यात मोहरीहून बारीक, हिरवट टोक दिसेल. तो डोळा. प्रत्येक पेराला असे दोन. त्या इवल्याशा टोकात अख्खी फांदी घडी घालून ठेवलेली असते, आणि तरी ती महिनोन्‌महिने निपचित असते.

तिला निजवून ठेवतो तो शेंडा! वाढत्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि फांदीतून खाली झिरपत राहतं. ते वाहतं आहे तोवर खालचे डोळे सहसा उठत नाहीत. १९३०च्या दशकात थिमन आणि स्कूग यांनी घेवड्याच्या जातीच्या रोपांचे शेंडे कापले आणि कापलेल्या जागी ऑक्सिन लावलं. शेंडा नव्हता, तरी डोळे झोपूनच राहिले.

गोष्ट इथे संपली असं बराच काळ वाटत होतं. पण शेंडा कापल्यावर लांबचे डोळे फारच लवकर हलू लागतात. तिथलं ऑक्सिन तेवढ्यात ओसरलेलंही नसतं. मग त्यांना खबर कोण देतं? २०१४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाटाण्यावर प्रयोग करून उत्तर दिलं: साखर. पानांनी केलेली साखर भुकेला शेंडा ओढून घेत असतो. तो गेला की ती डोळ्यांकडे वळते. बाहेरून साखर पुरवली, तर शेंडा शाबूत असतानाही डोळे फुटले! कात्रीच्या एका चाव्यासरशी झाडाच्या आत एवढी उलथापालथ होते, हे कळल्यापासून मला छाटणी हे रुक्ष काम वाटतच नाही.

आता कामाचं. छाटणीआधी आठवडाभर पाणी कमी करा. कात्री धारदार हवी. चेंगरलेली काडी कुजते. काप पेराच्या जरासा वर, तिरका घ्या. मेलेल्या आणि आत घुसलेल्या काड्या मुळापासून काढा. उरलेली पानंही ओरबाडू नका, अलगद खुडा. बेचक्यातला डोळा दुखावता कामा नये. मग वरची माती हलकी करून मुरलेलं शेणखत घाला, भरपूर पाणी द्या आणि कुंडी कडक उन्हात ठेवा. सावलीतला मोगरा नुसता लांबतो. युरियाचा मोह टाळा, पानांचाच पसारा होतो.

थोड्याच दिवसांत पेरापेरावर कोवळी, चकचकीत फूट दिसू लागते आणि तिच्या टोकाला कळ्यांचे झुबके येतात. पहिला बहर ओसरला की सुकलेल्या झुबक्याखाली पानांच्या दोन जोड्या धरून शेंडा पुन्हा खुडा. तिथले डोळे जागे होतात आणि पावसाआधी आणखी एक बहर पदरात पडतो.