न दुखणारी दाढ

गेल्या श्रावणात माझी डावीकडची खालची हिरडी सुजली. शेवटच्या दाढेमागे जीभ लावली की टोकदार काहीतरी लागायचं. तिसऱ्या दिवशी ठणका कानापर्यंत गेला आणि भाकरीचा घास त्या बाजूला नेता येईना. डॉक्टर बाईंनी छोटा आरसा आत घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "अक्कलदाढ आहे. अर्धी वर आलीय." माझं वय तेव्हा ४७.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. तरी उशिरा दिसणारी दाढ काही आजची नाही. ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात ऐंशी ओलांडलेल्या बायकांना अक्कलदाढ आल्याची आणि ती येताना फार दुखल्याची नोंद करून ठेवली आहे. दाढ त्या वयात तयार होत नाही. ती पंचविशीपर्यंत मुळांसकट जबड्यात तयार होऊन बसलेली असते, वर यायला जागा मिळालेली नसते. पुढे हिरडी मागे सरते, हाड झिजतं, नाहीतर पुढची एखादी दाढ काढावी लागते आणि दडलेली दाढ उघडी पडते. कवळी टोचते म्हणून दवाखान्यात गेलेल्या आजीच्या हिरडीत कधी कधी अक्कलदाढ सापडते ती यामुळेच. पुढच्या मधल्या दातापासून मोजत गेलं तर माझी सहावी, म्हणजे पहिली मोठी दाढ, कॉलेजात असताना किडली म्हणून काढली होती. रूट कॅनालचा खर्च तेव्हा घरी परवडणारा नव्हता. सातवी हळूहळू पुढे सरकली आणि आठवीला, म्हणजे अक्कलदाढेला, वाट मिळाली.

घरात सगळ्यांचं एकच मत पडलं, काढून टाक. दादा म्हणाला, "माझीपण आहे की खाली. आडवी आहे म्हणे. कधी दुखली नाही." तो ५४ वर्षांचा. मी हट्टाने त्यालाही सोबत नेलं आणि दोघांचाही ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून घेतला. निकाल आमच्या अंदाजाच्या नेमका उलटा लागला. माझी ठणकणारी दाढ ठेवायची ठरली आणि दादाची मुकाट बसलेली काढायची.

माझं दुखणं दाढेचं नव्हतंच. अर्ध्या वर आलेल्या दाढेवर हिरडीचा एक पदर राहतो. त्याखाली शेंगदाण्याचं कूट, पोह्याचा कण अडकतो, ब्रश पोचत नाही, जंतूंचं फावतं आणि पदर सुजतो. सुजलेल्या पदरावर वरची दाढ चावते, म्हणून तो आणखी सुजतो. डॉक्टरांनी सुईच्या बोथट टोकाने पदराखाली मिठाचं पाणी मारलं आणि तिथलं कोंदलेलं सगळं बाहेर काढलं. वरच्या दाढेचं टोक जरासं घासून दिलं. चार दिवस कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि सूज उतरली. एक्स-रेत माझी दाढ सरळ उभी होती, शेजारीण स्वच्छ होती. असं पुन्हा पुन्हा झालं तर काढू, असं ठरलं.

दादाच्या फिल्मवर आठवी दाढ कलंडून सातवीच्या पाठीत डोकं खुपसून बसली होती. जिथे दोघी भिडतात, तिथे सातवीच्या मुळाशी काळी सावली होती. कीड. दुखणं शून्य. आणखी दोन वर्षं गेली असती, तर चांगली कामाची सातवीही गेली असती. मध्यमवयात अक्कलदाढेचा विचार करताना खरी काळजी या सातवीची करायची असते, असं मला आता पक्कं वाटतं. "दुखते का?" हा प्रश्न अपुरा आहे. दाढेला किंवा शेजारणीला रोग आहे का आणि तिथे ब्रश पोचतो का, हे विचारायला हवं. पुढचे दात वाकडे होतील म्हणून दाढ काढणाऱ्यांनीही थांबावं. वयाबरोबर पुढचे दात दाटीवाटीने बसतात ते अक्कलदाढ नसलेल्यांचेही.

ठेवायची की काढायची, हे तोलणं तज्ज्ञांनाही सोपं गेलेलं नाही. अमेरिकेत कॉलेजवयीन मुलांच्या निरोगी दाढाही सर्रास काढल्या जातात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००० मध्ये सांगितलं की, रोग नसलेली अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नका. हिरडी एकदाच सुजली असेल आणि सूज फार गंभीर नसेल, तर तेवढ्यावरूनही नाही. शस्त्रक्रिया कमी झाल्या. पण पुढच्या दहा वर्षांत दाढ काढायला येणाऱ्यांचं सरासरी वय वाढलं आणि सातवीच्या पाठीला कीड घेऊन येणारेही वाढले. दाढ ठेवायची म्हणजे तिच्याकडे लक्षही ठेवायचं, हे मधल्या काळात कुठेतरी निसटलं.

वय वाढलं की काढण्याची किंमतही वाढते. तरुणपणी हाड थोडं लवतं, पुढे ते कडक होतं, जखम भरायला वेळ लागतो. खालच्या दाढेच्या मुळांजवळून एक नस जाते, तीच पुढे खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो, चहा ओघळला तरी कळत नाही. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत, महिन्यांत ओसरतो, मोजक्यांचा कायम राहतो. दादाच्या फिल्मवर नसेच्या नळीची पांढरी रेघ मुळांपाशी तुटलेली दिसली, म्हणून त्रिमितीय स्कॅन केला. नस मुळांना चिकटून होती. मग सर्जननी दाढेचा वरचा भाग तेवढा कापून काढला आणि मुळं जागेवर ठेवली. याला 'कोरोनेक्टॉमी' म्हणतात. मोकळ्या झालेल्या सातवीत सिमेंट भरलं.

दादा रक्त पातळ करणारी गोळी घेतो. ती त्याने आपल्या मनाने बंद केली नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं. हे प्रत्येकाने करावं. हाडं ठिसूळ झाली म्हणून काही गोळ्या किंवा इंजेक्शनं सुरू होणार असतील, तर दाढेचा निर्णय त्याआधी घ्यावा, कारण त्यातल्या काही औषधांनंतर जबड्याची जखम भरत नाही, असं क्वचित होतं. आणि तंबाखू, गुटखा खाणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या माझ्या आयाबहिणींना आणि भावांना हात जोडून सांगणं आहे: तोंड महिनोन्‌महिने कमी कमी उघडत असेल, मागच्या बाजूचा व्रण दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर "अक्कलदाढ येतेय" म्हणून घरी बसू नका. तोंडाचा कर्करोगही असाच गुपचूप सुरू होतो.

दादाचे टाके सातव्या दिवशी निघाले. सहा महिन्यांनी घेतलेल्या एक्स-रेत ठेवलेली मुळं नसेपासून थोडी वर सरकलेली दिसली. सर्जन म्हणाले, असं होतंच. माझ्याकडे एका झुपक्याचा छोटा ब्रश आलाय. रोज रात्री आरशासमोर तोंड अर्धंच उघडून, गाल सैल सोडून, तो आठवीच्या मागे नेते. पूर्ण आ केला की तिथे पोचत नाही.